मक्याची हाक आणि टारफुल्याची जाग

ज्वारीच्या रानात ज्याने टारफुला पाहिला आहे, त्याला मक्याचं हे दुखणं फोड करून सांगावं लागत नाही. वीतभर उंचीचं, पांढऱ्या फुलांचं नाजूक रोप. अलगद उकरलं तर ज्वारीच्याच मुळाला चिकटलेलं निघतं. जमिनीत ओल असूनही ताटं माना टाकतात, कारण त्यांचं पाणी आणि अन्न खालच्या खाली ओढलं जात असतं. याच कुळातलं जांभळट फुलांचं स्ट्रायगा हर्मोंथिका पश्चिम केनियापासून नायजेरियापर्यंत मक्याची शेतं आडवी करतं. केनियातले लुओ शेतकरी त्याला ‘कायोंगो’ म्हणतात.

ज्वारी मूळची आफ्रिकेचीच. हजारो वर्षं या तणाच्या शेजारात वाढल्यामुळे तिच्या काही वाणांनी त्याला अडवायची युक्ती कमावली. मका मात्र सोळाव्या शतकात अमेरिकेतून तिथे पोचला. त्याच्या पूर्वजांची या वैऱ्याशी गाठच पडली नव्हती.

वैरीही साधा नाही. त्याचं बी धुळीच्या कणासारखं, मिलिमीटरच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याएवढं. एकेका रोपाला अशा हजारो बिया येतात आणि त्या जमिनीत 10 वर्षांहून अधिक काळ तग धरतात. खुरपणीने फारसं साधत नाही. कोंब मातीवर दिसतो, तेव्हा तो कित्येक आठवडे मुळं शोषत आलेला असतो. घरातल्या बायका दिवसभर वाकून तण उपटतात, पण कणसाचं नुकसान तोवर होऊन गेलेलं असतं. या तणातली सर्वांत क्रूर गोष्ट मला हीच वाटते.

बी जागं होतं कशाने, याचा पहिला धागा 1966 साली हाती आला. कापसाच्या मुळांच्या स्रावातून ‘स्ट्रिगॉल’ हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. त्याचा अत्यल्प अंश लागला तरी झोपलेलं बी रुजतं. पण पीक आपल्या मारेकऱ्याला हाक का मारेल? उत्तर यायला जवळपास चाळीस वर्षं गेली. 2005 मध्ये कळलं की ही हाक मित्रासाठी आहे. मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीला पीक याच द्रव्यांनी बोलावतं. तण ती हाक चोरून ऐकतं. स्फुरद-नत्राला महाग झालेल्या जमिनीत पीक जास्त जोराने हाक मारतं, म्हणून टारफुल्याचा मार गरिबाच्या रानाला अधिक बसतो.

प्रतिकारक मक्याचं मोठं काम नायजेरियात इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत झालं. कोरियन पैदासकार सून-क्वॉन किम यांनी तिथे टारफुला सोसूनही कणीस भरणारा मका घडवला. पुढे अबेबे मेनकिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या बहुवर्षायू रानटी नातलगाकडून, झिया डिप्लोपेरेनिसकडून, प्रतिकार आणला. हा नातलग मेक्सिकोतल्या हालिस्कोच्या डोंगरांत 1970 च्या दशकात सापडला होता.

मोकवा आणि अबुजाच्या चाचणी शेतांत तर तण मुद्दाम पेरतात. टारफुल्याचं बी वाळूत कालवायचं, पेरणीच्या प्रत्येक खड्ड्यात मोजून घालायचं, वर मक्याचे दाणे टाकायचे. नत्र हात राखून द्यायचं, कारण भरपूर दिलं तर तणाचा जोर ओसरतो आणि वाणांमधला फरक झाकला जातो. आठव्या आणि दहाव्या आठवड्यात वाकून कोंब मोजायचे, मक्याच्या पानांवरची करप पाहून 1 ते 9 गुण द्यायचे. हे वर्षानुवर्षं, हंगामामागून हंगाम.

सोसणं आणि अडवणं यांत इथे फार मोठा फरक आहे. सोसणारा वाण यंदा पीक देतो, पण त्याच्या मुळांवर पोसलेलं तण लाखो बिया मातीत टाकून जातं. ते कर्ज शेतकऱ्याच्या मुलांना फेडावं लागतं. म्हणून माझा कौल अडवणाऱ्या वाणांच्या बाजूने आहे. एकाच जनुकावर भिस्त ठेवली तर तण ती कधीतरी मोडून काढेल, ही पैदासकारांची भीतीही खरी आहे.

केनियात तणनाशक सहन करणाऱ्या मक्याच्या बियाण्याला त्याच तणनाशकाचा लेप देऊन पेरायची वाट काढली गेली. ती उपयोगी आहे, पण दरवर्षी लेपाचं बियाणं विकत घ्यावं लागतं.

मला सर्वांत आशा वाटते ती हाकेचा सूर बदलण्यात. हाक पूर्ण बंद करता येत नाही, कारण मग बुरशीही येणार नाही. ज्वारीत 2017 मध्ये सापडलेल्या एलजीएस-1 या जनुकाने रस्ता दाखवला. तो निकामी झाला की मुळातून निराळं द्रव्य पाझरतं आणि तणाची झोप सहसा मोडत नाही. 2023 मध्ये मक्यातही असंच आढळलं. ज्या वाणांच्या मुळांत झीलॅक्टोन हे हाकेचं द्रव्य कमी आणि झीलॅक्टॉल व त्याचं भावंड जास्त, त्यांच्याजवळ टारफुल्याच्या बिया कमी रुजतात.

टारफुल्याला अडवणाऱ्या ज्वारीच्या कामाबद्दल इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांना 2009 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एन-13 नावाच्या भारतीय ज्वारीतला प्रतिकार सुदानी वाणांत उतरवला गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

मक्याची खरी अडचण मात्र प्रयोगशाळेबाहेर आहे. लहान शेतकरी घरचं बी राखतो, म्हणून त्याला संकरितापेक्षा सरळ वाण परवडतो. पण मक्याचे पराग वाऱ्यावर जातात. शेजारच्या रानातला जुना मका तुऱ्यावर आला की त्याचे पराग नव्या वाणाच्या कणसांवर पडतात, आणि चांगली टपोरी कणसं निवडून उतरंडीत ठेवलेल्या बियाण्यात दोन-चार हंगामांत प्रतिकार विरळ होत जातो. तेव्हा शुद्ध बियाण्याची नवी पिशवी गावात, पेरणीच्या आधी आणि परवडेल त्या भावात पोचावी लागते.