नेरच्या भिंतीवर कांचनगंगा

तुमच्या ऑफिसच्या कम्प्युटरवर वॉलपेपर कुठला आहे? बहुतेक एखादा बर्फाचा डोंगरच असेल. दिवसातून पन्नास वेळा समोर येतो आणि एकदाही बघितला जात नाही. मेल, एक्सेल, मिनिमाइझ... डोंगर बिचारा मागेच!

आता हा दुसरा डोंगर बघा. कांचनगंगा, १९३१. चित्रकार हिरोशी योशिदा. हा जपानी माणूस पक्का ट्रेकर होता. धाकट्या मुलाचं नाव 'होदाका' ठेवलं, तेसुद्धा आवडत्या शिखरावरून! थोरल्या तोशीला बरोबर घेऊन १९३० च्या अखेरीस तो भारतात आला. दार्जिलिंगहून दिसणारी ही शिखरं, ताजमहाल, बनारस आणि चक्क आपलं अजिंठा-वेरूळ, सगळं त्याने लाकडी ठशांत उतरवलं. शाळेच्या सहलीत हे कुणी सांगितलं होतं का आपल्याला?

हँडब्लॉक प्रिंटची कुर्ती आठवा. तत्त्व तेच. चेरीच्या लाकडाची फळी कोरायची, पाण्यातला रंग लावायचा, वर ओलसर कागद ठेवून पाठीमागून एका गोल चकतीने घासायचं. मग पुढचा रंग. पुन्हा पुढचा. योशिदाच्या एका चित्राला सहज तीसेक छाप लागत. १९३७ च्या 'योमेइमोन' या निक्कोच्या देवस्थानाच्या दरवाजाच्या चित्राला तर ९६! दर वेळी कागद त्याच खुणेवर बसायला हवा. केसभर सरकला, की गेलं काम.

आणि तो पायथ्याशी विरत जाणारा निळा? तो कोरलेला नसतोच. छापणारा फळीवरचा रंग ओल्या ब्रशने फिकट करत नेतो. याला म्हणतात 'बोकाशी'. म्हणजे प्रत्येक प्रतीतलं धुकं नव्याने, हाताने केलेलं. बर्फाचा पांढरा म्हणजे बहुधा नुसता कोरा कागद.

याच चित्राची एक साधी छापील कॉपी फ्रेम करून मी दिवाळीत नेरला नेली. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचं आमचं गाव, चहूकडे कपाशी नि तूर. बाबांनी चष्मा पुसला, जवळ गेले, मागे आले. मग हळूच विचारलं, "हे धुकं चित्रातलं हाये का माह्या डोयातलं?"

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं टळत होतं. कापूस वेचायला आलाय, तूर काढायचीय, कारणं तयारच असायची. "चित्रातलं," मी म्हटलं. पण दूरच्या रांगा त्यांना दिसतच नव्हत्या. जानेवारीत ते स्वतःहून यवतमाळला डॉक्टरकडे गेले.

मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट होतं, त्यामुळे निळे रंग मंदावतात. हे मला नंतर कळलं. ऑपरेशननंतर आठवड्याने फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, तरी घेतला. "अवं, याच्यात डोंगरामागं अजून डोंगर हायेत!" मग त्यांनी त्या रांगा मोजून सांगितल्या. मीटिंग तशीच राहिली.

फ्रेम सध्या खिडकीसमोरून हलवून टीव्हीशेजारच्या भिंतीवर लावली आहे, कारण विदर्भाचं ऊन कुठल्याच रंगाला सोडत नाही. बाबांना ओरिजिनल किती रुपयांना मिळतं हेही हवंय. शोधणाऱ्यांनी डाव्या समासात 'जिझुरी' हा छोटा शिक्का बघावा. योशिदाच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतीची ती खूण. १९५० साली तो गेला. नंतरच्या प्रतींवर हा शिक्का सहसा नसतो. किंमत मी बाबांना अजून सांगितलेली नाही.