संशयाची लेखी नोंद

धाराशिवच्या मैदानावर घडलेल्या सारिका काळे यांना २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. तालुका क्रीडा अधिकारी म्हणून त्यांना शासकीय नोकरीही मिळाली. नोकऱ्यांची वानवा असलेल्या या जिल्ह्यात मुलं खेळाकडे किती आशेनं पाहत असतील, ते यावरून कळावं. शासकीय भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्याचा गैरफायदा कसा घेतला जातो, हे ट्रॅम्पोलिन-टंबलिंगच्या बनावट प्रमाणपत्रांच्या प्रकरणात दिसलं. क्रीडा विभागातल्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. म्हणून महाविद्यालयाच्या संघात अपात्र खेळाडू असल्याची कुणकुण लागली, तर तो घरगुती मामला राहत नाही.

आंतरविद्यापीठ स्पर्धेतला खेळाडू नियमित विद्यार्थी आणि वयोमर्यादेत बसणारा असावा लागतो. त्याच्या पात्रता अर्जावर प्राचार्यांची सही असते, आणि जबाबदारी त्या सहीपासून सुरू होते. दोषी कोण, हे प्राचार्यांनी एकट्यानं ठरवायचं नाही. तक्रार तारखेनिशी नोंदवायची, प्रवेश रजिस्टर, दहावीची सनद आणि पात्रता अर्ज कुलूपबंद करायचे, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला लेखी कळवायचं. फोनवर ‘बघून घेतो’ म्हणणं म्हणजे कळवणं नव्हे. खेळाडूला आरोप लेखी द्यायचा आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं. ज्या क्रीडा संचालकांनी संघ निवडला, त्यांच्याकडे चौकशी देऊ नये. त्यांच्या सचोटीवर शंका नसली तरीही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, नुसत्या संशयावरून पोराचं करिअर बरबाद होईल. काळजी रास्त आहे, पण पोराचं नुकसान कुजबुजीनं जास्त होतं. नोंद नसली की निर्दोष सुटल्याचा कागदही त्याच्या हाती येत नाही, आणि पुढे प्रमाणपत्र पडताळणीत तीच जुनी चर्चा आडवी येते. स्पर्धा तोंडावर असेल, तर निकाल चौकशीच्या अधीन ठेवून त्याला खेळू द्यावं का, हे विद्यापीठाला विचारावं. परस्पर वगळू नये, परस्पर खेळवूही नये. शिवाय खऱ्या हक्काचा जो खेळाडू राखीव बाकावर बसला, त्याच्या करिअरचा विचार कोण करणार?

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: भूम-परंड्याकडच्या लहान महाविद्यालयात क्रीडा संचालक एकच, मग तटस्थ माणूस आणायचा कुठून? अडचण खरी आहे, पण धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तिथं जिल्ह्यातल्या क्रीडा संचालकांची यादी ठेवून एका महाविद्यालयाची चौकशी दुसऱ्याकडे देता येईल. त्यासाठी नवं पद लागत नाही, हंगाम सुरू होण्यापूर्वी निघालेलं एक परिपत्रक पुरेल.