एकाच कामाचे यंत्र

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बल्लारपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पसरलेला अर्जुनी मोरगाव तालुका भातशेती, तलाव आणि अरण्य यांसाठी ख्यात आहे. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला म्हणून सांगितला जाणारा नवेगावचा बांध, इटियाडोहचे धरण आणि मारुती चितमपल्ली यांची लेखणी यांनी या मुलखाचे नाव महाराष्ट्रभर नेले. ग्रंथविक्रीच्या पेठांपासून मात्र तो दूर पडतो, आणि नवे मराठी पुस्तक हवे असेल तर येथील वाचकाला नागपूर-पुण्याहून येणाऱ्या पार्सलाची वाट पाहावी लागते. ई-पुस्तकाचा उपयोग व्हावा तर तो अशाच ठिकाणी. तेव्हा तो कोणत्या यंत्रावर होऊ शकतो आणि कोणत्या अडचणींपाशी अडतो याचा परिचय करून द्यावा, असे संपादकांनी सुचविले, आणि केवळ वाचनासाठी घडविलेला ई-रीडर व सर्व कामांसाठी घडविलेला टॅब अशी दोन्ही यंत्रे घेऊन मी या तालुक्यात आलो.

या दोन यंत्रांच्या स्पर्धेचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. २००४ मध्ये सोनीने जपानात ‘लिब्रिए’ हा इलेक्ट्रॉनिक शाईचा पहिला ई-रीडर विक्रीस आणला. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनचे किंडल आले. एप्रिल २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड बाजारात आला आणि तेव्हापासून एकाच कामाचे यंत्र आता फार दिवस टिकणार नाही असे भाकीत वारंवार होऊ लागले. २०११ साली ॲमेझॉनने स्वतःच ‘किंडल फायर’ हा टॅब काढला, २०१४ साली सोनीने सामान्य ग्राहकांसाठीच्या ई-रीडरचा व्यवहार आटोपला. तरीही किंडल आणि कोबो ही यंत्रे आजतागायत तयार होत आहेत, आणि २०२४ साली तर किंडलची रंगीत आवृत्तीही आली. भाकिते होत राहिली आणि यंत्र टिकून राहिले, याचे कारण त्याच्या पडद्यात आहे, आणि माझे मन गुंतले ते त्या पडद्यातच.

टॅबच्या पडद्यावरील अक्षर प्रकाशाचे असते. प्रकाश थांबला की अक्षर गेले. ई-रीडरच्या पडद्यात काचेखालच्या पापुद्र्यावर केसाच्या जाडीशी तुलना करावी इतक्या सूक्ष्म पारदर्शक कुप्या लक्षावधींनी पसरलेल्या असतात, आणि प्रत्येक कुपीतील स्वच्छ द्रवात टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरे व काजळीच्या जातीचे काळे कण तरंगत असतात. एका रंगाच्या कणांवर धन विद्युद्भार असतो, दुसऱ्यांवर ऋण. खालून विजेचा दाब एका दिशेने दिला की काळे कण वर येतात आणि तेथे ठिपका उमटतो. दाब उलटा दिला की पांढरे वर येतात आणि कागद कोरा होतो. दाब काढून घेतल्यावर कण जेथे असतील तेथेच राहतात. म्हणून उघडे पान तसेच धरून ठेवण्यास या पडद्याला वीज लागत नाही. ती लागते ती प्रामुख्याने पान उलटताना, आणि एकदा चार्ज केलेले यंत्र बेताच्या वाचनाला आठवडे-आठवडे पुरते.

कुपीची ही युक्ती सहज सुचलेली नव्हे. झेरॉक्सच्या संशोधनशाळेत निक शेरिडन यांनी १९७० च्या दशकातच दुरंगी गोलकांचा कागद घडविला होता, आणि द्रवातील भारित कणांनी अक्षर उमटविण्याचे प्रयोगही त्याच सुमारास चालू होते; परंतु ते कण कालांतराने एकमेकांस चिकटत, एका बाजूस जमा होत आणि चित्र विस्कटून जाई. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ जेकबसन यांनी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट या विद्यार्थ्यांसह या कणांना कुप्यांत कोंडले, म्हणजे त्यांना भटकण्यास जागाच उरली नाही. १९९७ साली त्यातून ‘ई इंक’ ही कंपनी उभी राहिली, १९९८ साली ‘नेचर’ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि २००९ साली ती कंपनी तैवानच्या एका उत्पादकाने विकत घेतली.

पान उलटताना हा पडदा मधूनमधून काळा होतो, मग पांढरा, आणि मग नवी अक्षरे स्थिरावतात. नवख्या माणसाला तो दोष वाटतो. वस्तुतः मागील पानाची पुसट छाया उरू नये म्हणून सर्व कण एकदा खाली आणि एकदा वर हाकून यंत्र पाटी स्वच्छ करीत असते. द्रवाचा दाटपणा उष्णतेने बदलतो, थंडीत कण मंदावतात. म्हणून यंत्रात तापमापक बसविलेला असतो आणि त्या त्या तापमानाला किती वेळ व कोणत्या क्रमाने दाब द्यावयाचा याची कोष्टके आधीच नोंदून ठेवलेली असतात. एक पान बदलण्यामागे एवढी मोजदाद आहे, हे जाणल्यावर त्या क्षणिक काळोखाचा मला राग येईनासा झाला. उलट, आपल्या एकाच कामाविषयी एवढी निष्ठा बाळगणारे यंत्र पाहून आदर वाटला.

नवेगावच्या बांधावर ऐन दुपारी दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली. टॅबचा प्रकाश कमाल मर्यादेपर्यंत वाढविला तरी काचेत आकाश आणि माझाच चेहरा दिसत राहिला. ई-रीडरवरील अक्षर मात्र उन्ह जितके प्रखर, तितके ठळक होत गेले, कारण सूर्य हाच त्याचा दिवा. अंधारासाठी २०१२ पासून या यंत्रांत पडद्याच्या कडेला बारीक दिवे आले, ते अक्षरांवर उजेड टाकतात, डोळ्यांवर नव्हे. झोपण्यापूर्वी प्रकाशमान टॅबवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप उशिरा लागते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आढळले होते. देवनागरीच्या दृष्टीने पडद्याची घनता हीही महत्त्वाची बाब ठरते: पहिल्या किंडलमध्ये इंचाला १६७ ठिपके होते, आणि तेवढ्यात रफार, अनुस्वार व जोडाक्षरांचे अंतर्भाग एकमेकांत मिसळतात; २०१४ नंतर चांगल्या यंत्रांत ते ३०० झाले, आणि आता ‘राष्ट्र’ मधील प्रत्येक रेषा भिंगाखालीही सुटी दिसते.

टॅबची बाजू दुबळी आहे असे मात्र कोणी समजू नये. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने ‘आकाश’ हा स्वस्त टॅब मोठ्या आशेने जाहीर केला. तो मंद होता आणि योजना अल्पायुषी ठरली, पण सरकारने विद्यार्थ्याच्या हाती पडदा द्यावा ही कल्पना रुजली. नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेने इतर मागासवर्गीय, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट व सीईटीच्या तयारीसाठी विनामूल्य टॅब आणि दररोज सहा जीबी डेटा देण्याची योजना राबविली, आणि अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलामुलींना शिकवणी वर्गाचे शहर घरी आणण्याचा मार्ग तिने मोकळा केला. पाठ्यपुस्तकातील रंगीत नकाशा, व्याख्यानाचे चित्रीकरण, सराव परीक्षा यांपैकी काहीही कृष्णधवल ई-रीडरला साधत नाही. किमतीचे गणितही त्याच्या विरुद्ध जाते: २०१२ साली किंडल भारतात ६,९९९ रुपयांना आले, २०२५ साली नवे ‘किंडल पेपरव्हाइट’ १६,९९९ रुपयांना, तेवढ्या रकमेत टॅब मिळतो आणि घरातील चौघांची चार कामे करतो. पडद्याखेरीज ई-रीडरचा गुण सांगावयाचा तर तो एवढाच की त्यावर वाचताना मध्येच कोणी निरोप पाठवीत नाही; परंतु दीर्घ वाचनाची सवय जपावयाची असेल तर हा गुण फार मोठा आहे असे माझे ठाम मत आहे.

आता अडचणींकडे वळतो, कारण मराठी वाचकाच्या बाबतीत खरा निर्णय तेथेच होतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, बालभारती, ई-साहित्य प्रतिष्ठान यांनी मराठी पुस्तके विनामूल्य खुली केली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण ही पुस्तके बव्हंशी पीडीएफ आहेत, म्हणजे छापील पानाची अचल प्रतिमा. सहा इंची ई-रीडरवर असे पान उघडले की अक्षरे वाचण्याच्या पलीकडे बारीक होतात आणि मोठी केली तर ओळ पडद्याबाहेर जाते. टॅबवर तेच पान निर्वेध दिसते. याच तालुक्यात गोठणगावच्या परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्यांच्या धर्मग्रंथांची लांबट सुटी पाने छायांकित होऊन उपलब्ध झाली आहेत, आणि त्यांनाही आडवा धरलेला टॅबच मानवतो. अर्थात येथे टॅब जिंकतो तो वाचनाच्या गुणावर नव्हे, पुस्तक ज्या रूपात दिले गेले त्या रूपामुळे.

मग ही पुस्तके ई-रीडरला सोयीच्या, अक्षर वाढविताच ओळ नव्याने मांडणाऱ्या ईपबमध्ये का आणीत नाहीत? मराठी प्रकाशकांच्या दप्तरातील बराच जुना मजकूर श्री-लिपीसारख्या, युनिकोडपूर्वीच्या सांकेतिक व्यवस्थेत जुळविलेला आहे. तो रूपांतरित करावयाचा तर आज्ञावली बहुतेक काम करते, आणि उरलेले माणसाने ओळन् ओळ वाचून करावे लागते: ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील र मोडतो, वेलांट्या सरकतात, जोडाक्षरे फुटतात. मजकूर शुद्ध झाला तरी यंत्रातील टंक हिंदी वळणाचे ल आणि श दाखवितो, आणि मराठी डोळ्याला ते पानोपानी खटकते. या श्रमाचा मोबदला थोड्या प्रतींच्या विक्रीतून निघत नाही, म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीला रीतसर प्रवेश मिळाला तरी प्रकाशकांच्या जुन्या यादीतील कित्येक ग्रंथ बाहेरच राहिले. छापील पुस्तकाला कर नाही, ई-पुस्तकाला आहे. २०१८ साली छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांवरील तो १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, एवढाच दिलासा.

त्याहून गंभीर प्रश्न मालकीचा. पैसे भरून घेतलेले ई-पुस्तक बहुधा आपल्या मालकीचे होत नाही. खंडाने जमीन कसणाऱ्या कुळासारखी वाचकाची स्थिती असते, आणि विदर्भातील कुळाला निदान १९५८ च्या कूळकायद्याने संरक्षण तरी दिले. जुलै २००९ मध्ये ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसल्या गेल्या. २०२३ साली चीनमधील किंडलचे दुकान बंद झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून ठेवण्याची वाटही ॲमेझॉनने बुजविली. टॅबवर तेच पुस्तक त्याच दुकानाच्या ॲपमध्ये उघडते, तेव्हा यंत्र बदलल्याने हा अंमल बदलत नाही. आणि सर्वांत मोठी हानी होते ती गावच्या ग्रंथालयाची. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गांच्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. एक प्रत विकत घ्यावी आणि वर्षानुवर्षे शंभरांना वाचावयास द्यावी, हा त्यांचा धर्म. अमेरिकेत २०११ पासून ग्रंथालयाचे पुस्तक किंडलवर उसने मिळते. भारतातील ग्रंथालयाला ती मुभा नाही.

म्हणून ई-रीडर की टॅब हा वाद अर्जुनी मोरगावच्या वाचकासाठी अजून पुरता सुरूच झालेला नाही. तो सुरू व्हावयाचा तर तीन गोष्टी आधी घडल्या पाहिजेत: सरकारी खर्चाने सिद्ध झालेला प्रत्येक मराठी ग्रंथ पीडीएफबरोबर तपासलेल्या ईपबमध्येही मिळावा; मान्यताप्राप्त ग्रंथालयांना ई-रीडर विकत घेऊन सभासदांना घरी नेऊ देण्यासाठी अनुदानाची स्पष्ट तरतूद व्हावी; आणि ग्रंथालयाने घेतलेले ई-पुस्तक उसने देण्याचा हक्क कायद्याने निश्चित व्हावा. यांतील पहिली गोष्ट मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत बसलेल्या थोड्या अधिकाऱ्यांच्या हुकुमाने आणि काही चांगल्या मुद्रितशोधकांच्या वेतनाने होण्याजोगी आहे. तिला प्रारंभ झाला, तर इतक्या कष्टाने सिद्ध झालेले हे वाचनाचे यंत्र मराठी वाचकाच्या उपयोगी पडेल. न झाला, तर दीर्घ मराठी वाचनाला टॅबवरील शंभर कामांच्या गर्दीतच जागा शोधावी लागेल, आणि तशी ती मिळेल याची मला खात्री वाटत नाही.