अपंगत्वाच्या विम्याचा दावा नाकारला? तिथेच थांबू नका

मालेगाव, भिवंडीत पॉवरलूमवर काम करणारा माणूस असो की टेम्पो चालवणारा, हात किंवा डोळा गेला की घराची कमाईच थांबते. त्यातून अपघात विम्याचा दावाही नामंजूर झाला, तर बहुतेक घरांत "अल्लाहची मर्जी" म्हणून ते पत्र कपाटात ठेवून देतात. सब्र करावाच, पण हक्क सोडून देणं म्हणजे सब्र नव्हे. विमा जायज की नाजायज हा मसला उलेमांना विचारा. हप्ता भरला असेल, तर निदान दाद कशी मागायची ते माहीत हवं.

पहिलं काम : नकाराचं कारण लेखी घ्या. "वरून नाही आलं" असं तोंडी उत्तर चालवून घेऊ नका. नकारपत्रात न दिलेलं नवं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणून हे पत्र जपून ठेवा.

दुसरं : पत्रातलं कारण आणि पॉलिसीतलं कलम शेजारी ठेवून वाचा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचंच बघा. वर्षाला 20 रुपये बँक खात्यातून कापले जातात. अपघातात एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाला, किंवा एका डोळ्याची नजर कायमची गेली, तर 1 लाख मिळतात. दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले, अथवा एक डोळा आणि एक हात किंवा पाय गेला, तर 2 लाख. इथे हात कापलाच गेला पाहिजे असं नाही, त्याचा वापर कायमचा गेला तरी पुरतं. पण फक्त एखादं बोट गेलं असेल, तर या योजनेत पैसे बसत नाहीत.

तिसरं : डॉक्टरचा दाखला. सरकारी दिव्यांग प्रमाणपत्रावर 60 टक्के लिहिलं म्हणजे विम्याचे 60 टक्के मिळतील, असं नाही. कंपनी पॉलिसीतली व्याख्या बघते. म्हणून तज्ज्ञ डॉक्टरांकडून अपंगत्व कायमचं आहे का आणि अवयवाचा वापर किती गेला, हे स्पष्ट लिहून घ्या. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे सोबत जोडा.

उशीर हे कारण दिलं असेल, तर उशीर का झाला ते पुराव्यासह लिहा. माणूस आयसीयूत होता, हे हॉस्पिटलच्या कागदावरून दिसतं. उशिरामागे खरी अडचण असेल, तर केवळ उशिरावरून दावा फेटाळू नये, असं विमा नियामक आयआरडीएआयने 2011 मध्येच कंपन्यांना कळवलं आहे.

आता अर्ज कुठे करायचा? आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो मान्य नसेल, तर पुढचा रस्ता मोकळा राहतो.

तो रस्ता म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे मुदत दोन वर्षांची. पण आयोगात केस चालू असताना तोच दावा लोकपाल घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल हा क्रम बरा.

घरात, मोहल्ल्यात कुणाचं असं पत्र पडून असेल, तर आजच काढा आणि त्यावरची तारीख बघा. अर्ज लिहिता येत नसेल, तर घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला बसवा. साध्या मराठीत लिहिलेला अर्जही चालतो.