२१ गिअर आणि दोन ब्रेक

होस्टेलवर गिअरची सायकल घ्यायची टूम निघाली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती गिअर आहेत रे?" दुसरा प्रश्न, "शॉकअप पुढेच की दोन्हीकडे?" ब्रेकबद्दल मात्र कुणी विचारत नाही. चढ जमला नाही तर माणूस उतरून सायकल ढकलतो, त्यात फक्त इज्जत जाते. उतार जमला नाही तर थेट हाडांचा डॉक्टर. म्हणून मित्रहो, हा लेख उताराच्या बाजूने!

तसा माउंटन बायकिंगचा जन्मही उतारावरच झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, काही हौशी मंडळी जाड टायरच्या जुनाट सायकली डोंगरावरून खाली पळवायची. १९७६ मध्ये तिथे 'रिपॅक' नावाची शर्यत सुरू झाली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असायचा, पेडल उलटं दाबलं की लागायचा. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग ग्रीस पुन्हा भरा, म्हणजेच 'रिपॅक' करा. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला.

ग्रीस का जळायचं, त्याचा फंडा अकरावीच्या फिजिक्समधला आहे. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो धरा. १०० मीटर खाली आलात की 'एमजीएच' होतं सुमारे ७८ किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत पाव लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येतं. सिंहगडाचा घाट उतरताना आपण पाचशे मीटरहून जास्त खाली येतो, म्हणजे सव्वा लिटर पाणी उकळेल एवढी ऊर्जा. त्यातली काही हवा खाते, बाकीची रिम आणि ब्रेकच्या रबरांत जाते. त्यामुळे पूर्ण उतारभर ब्रेक आवळून बसू नका. वळणाआधी नीट दाबा, वेग कमी करा, मग सोडा. रिमला थंड व्हायला वेळ मिळतो आणि बोटंही आखडत नाहीत.

आता खरेदी. गिअरच्या आकड्याला भुलू नका. पुढे ४२-३४-२४ दात आणि मागे १४ ते २८ दात असा सेट घ्या. ४२ ला २८ किंवा २४ ला १६, दोन्हीचं गुणोत्तर दीडच! २६ इंची चाक पेडलच्या एका फेरीत दोन्ही वेळा सुमारे ३.१ मीटरच जातं. म्हणजे २१ पैकी बरेच गिअर एकमेकांच्या कॉप्या आहेत (सबमिशनसारख्या). आणि स्वस्त सायकलीतला मागचा शॉकअप फक्त वजन वाढवतो आणि पेडल मारताना डुलतो. तो टाळा.

माझ्या मते पैसे या क्रमाने खर्च करावेत:

१) हेल्मेट. आतला थर्मोकोल एकदाच चेपण्यासाठी असतो. एकदा जोरात आपटलं की ते हेल्मेट बाद. म्हणून सेकंडहँड सायकल घ्या, सेकंडहँड हेल्मेट नको. कडा भुवयांच्या वर दोन बोटं असावी.

२) ब्रेकची रबरं आणि केबल. सीनियरची जुनी सायकल घेतलीत तर आधी हे बदला.

३) पंक्चरचं सामान. बाभळीचा काटा टायर बघून टोचत नाही. पॅच, सोल्यूशन, टायर लिव्हर, छोटा पंप, अॅलन कीचा सेट आणि मागच्या चाकाच्या नटाला १५ चा पाना.

ग्लोव्हज, जर्सी, गॉगल नंतर. अगदीच नाही घेतले तरी चालतं.

सामान झालं, आता प्रॅक्टिस. त्यासाठी डोंगर लागत नाही, पार्किंगची मोकळी जागा पुरे. आधी बघा कुठला लिव्हर कुठल्या ब्रेकचा. मग खडूने रेघ मारा आणि रेघेवर थांबायचा सराव करा. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून खरा थांबवणारा ब्रेक पुढचाच. तो हळूहळू दाबायचा, एकदम नाही. कंबर मागे न्या, दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवा, सीटवरून थोडं उठा. गॅदरिंगमधली स्लो सायकलिंगची शर्यत आठवते ना? तीही करा, खडकाळ वाटेवर तोल तिथूनच येतो. आणि नजर दगडावर नको, दगडाशेजारच्या वाटेवर. बघाल तिकडे सायकल जाते.

थोडं आपल्या मातीबद्दल. सुटा मुरूम बॉल बेअरिंगसारखा घरंगळतो, तिथे वळताना पुढचा ब्रेक विसरा. पावसात काळी माती चाक आणि ब्रेकमध्ये अडकून चाकच जाम करते, त्या दिवशी डांबरी रस्ता बरा. रिम ओली असेल तर पाणी पुसलं जायला चाकाच्या काही फेऱ्या जातात, म्हणून ब्रेक आधीपासून हलका लावा. हवा टायरवर छापलेल्या आकड्यांच्या आत हवी. दगडासारखं टणक टायर खडीवर उड्या मारतं.

ज्यांना ट्रेकिंग, पक्षी बघणं किंवा फोटोग्राफीचा नाद आहे, त्यांना हा छंद फुकटात जोडता येतो. सकाळी लवकर टेकडीवर पोचता येतं, आणि मेसचा नाश्ता संपायच्या आत परतही येता येतं. फक्त एकटे जाऊ नका, रूममेटला सांगून जा. आणि निघण्याआधी गेटवरच दोन्ही ब्रेक एकदा दाबून बघा.