बुद्धिबळाचा पट आणि रसिकांची जीभ

ता. २८ जुलै २०२५. श्रावणांतला पहिला सोमवार. आमच्या एकत्र कुटुंबांत त्या दिवशीं बहुतेक वडील माणसांना उपास असतो. दिवेलागणीची वेळ जवळ येत होती, स्वयंपाकघरांत उपास सोडण्याची तयारी चालली होती, आणि माजघरांत मात्र घरचीं चारपांच मुलें एका लहानशा पडद्याभोंवतीं श्वास रोधून बसलीं होतीं. आम्ही संवयीप्रमाणें उंबऱ्यावरूनच गरजलों, "तिन्हीसांजेच्या वेळीं हें काय मांडलें आहे? ठेवा तें यंत्र बाजूला!"

थोरला नातू मान वर न करितां म्हणाला, "आजोबा, आजचा दिवस रागावूं नका. नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियांत विश्वचषकाचा शेवटचा डाव खेळते आहे."

बुद्धिबळाचें नांव कानीं पडतांच आमचा अर्धा राग उतरला व आम्हीही त्यांच्यांत बैठक मारली. पडद्याच्या एका बाजूस पट होता. दुसऱ्या बाजूस शब्दांची संततधार लागली होती. कोणी इंग्रजींत, कोणी हिंदींत, मधूनच कोणी मराठींत, असे शेंकडों अनोळखी लोक एकाच वेळीं त्या एका डावाविषयीं बोलत होते. आम्हीं विचारलें, "खेळतात दोघी, मग एवढे लोक बडबडतात कशाला?" नातू म्हणाला, "तुम्ही ओटीवर बोलत होतां ना, तसेंच." या उत्तरावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

कारण मुलाचें म्हणणें खरें होतें. सांगलीच्या आमच्या वाड्याच्या ओटीवर आमच्या लहानपणीं रविवारीं दुपारीं पट मांडला जाई. खेळणारे दोघे आणि भोंवतीं बसणारे दहा. डाव चालू असतां मध्यें बोलावयाचें नाहीं, असा दंडक असे. पण डाव संपला कीं दहाही जिभा सुटत. "घोडा तेथें नेला नसतात तर", "वजीर फुकट दवडलात", असा काथ्याकूट चहाच्या तीन फेऱ्यांपर्यंत चाले. डाव तासाभराचा, चर्चा दोन तासांची. साहित्यशास्त्रांत काव्याची पूर्तता केवळ कवीच्या ठायीं मानिलेली नाहीं. त्याला सहृदय श्रोता लागतो. खेळाचेंही तसेंच आहे. पाहिलेल्या गोष्टीविषयीं बोलावयास सोबती मिळाला म्हणजे पाहण्याचा आनंद दुणावतो.

पुढें आमची नोकरी परगांवीं झाली. तेथून रत्नागिरीच्या एका स्नेह्यांशीं आम्हीं वर्षानुवर्षें पत्रानें बुद्धिबळ खेळलों. एका कार्डांत एक खेळी. डाव संपावयास दीड दीड वर्ष लागे. कार्डाच्या एका कोपऱ्यांत खेळी आणि उरलेल्या जागेंत टीका, थट्टा, घरची खुशाली. २०१९ सालीं ते स्नेही निवर्तले. आमचा पट माळ्यावर गेला तो तेथेंच राहिला. खेळणारे अजून मिळाले असते; पण डावाविषयीं बोलणारा माणूस गेला होता. म्हणून त्या सायंकाळीं पडद्यावरची ती बडबड पाहून आम्हांस, खरें सांगावयाचें तर, थोडा हेवाच वाटला.

या खेळाविषयींचें बोलणें आपल्याकडे फार जुनें आहे. सातव्या शतकांतील बाणभट्टानें 'हर्षचरितां'त आपल्या राजाच्या शांततामय राज्याचें वर्णन करितांना चतुरंगावर श्लेष केला आहे: सैन्याची चतुरंग मांडणी म्हणून जी काय उरली ती चौसष्ट घरांच्या फळीवरच, असा त्याचा भाव. श्रोत्यांना खेळ परिचित असल्यावांचून असा श्लेष रुचत नाहीं. सतराव्या शतकांत काशीच्या नीलकंठ भट्टांनीं, ज्यांचें घराणें मूळचें आपल्या पैठणचें, 'नीतिमयूखां'त राजनीतीच्या जोडीला बुद्धिबळासही स्थान दिलें. आणि १८१४ सालीं त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा मूळ संस्कृतांतला बुद्धिबळावरील ग्रंथ इंग्रजी भाषांतररूपानें मुंबईस छापला गेला. त्यांत मुख्यत्वें निरनिराळ्या बिकट स्थिति मांडून वाचकास विचार करावयास लाविलें आहे. ज्या वाचकाला आपण कधीं पाहिलें नाहीं त्याच्यापुढें पट मांडून 'बोला, आतां काय कराल?' असें विचारणें, हेंच आजचीं मुलें पडद्यावर करितात.

मात्र त्यांची भाषा आम्हांस शिकावी लागली. त्यांच्या थट्टेंत एक वाक्य वारंवार येतें: "गूगल आँ पासाँ." आम्हीं अर्थ विचारला तर मुलें पोट धरून हंसलीं. मग थोरल्यानें खुलासा केला. युरोपीय नियमाप्रमाणें प्याद्याला पहिल्या चालींत दोन घरें जातां येतें. तसें जाऊन तें शत्रूच्या प्याद्याच्या शेजारीं उभें राहिलें, तर जणूं तें एकच घर चाललें आहे असें समजून त्याला मारतां येतें. पण लागलीच पुढच्याच खेळींत, नंतर नाहीं. नवशिका हें पाहून 'ही लबाडी आहे' म्हणून ओरडतो, आणि जाणते त्याला सांगतात कीं बाबा, हें शोधून पाहा. तेंच वाक्य पुढें जगभरच्या बुद्धिबळप्रेमी मुलांचें परवलीचें होऊन बसलें. आम्हांस गंमत अशी वाटली कीं आमच्या आजोबांच्या देशी पद्धतींत प्यादें नेहमीं एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, राजाला एकदां घोड्याप्रमाणें उडी मारण्याची मुभा असे, आणि प्याद्यानें मात करणें ही विशेष शोभेची गोष्ट समजत. म्हणजे आमचे आजोबा आज त्या मेळाव्यांत गेले असते तर त्यांनाही हेंच उत्तर मिळालें असतें! आम्हीं हें सांगितल्यावर नातवानें तें तत्काळ तेथें लिहून टाकिलें, आणि पांच मिनिटांत कोणा परक्या मुलखांतल्या माणसानें देशी नियमांविषयीं तीन प्रश्न विचारले. आम्ही सांगत गेलों व नातू लिहीत गेला. सहा वर्षांनीं आम्हांस बुद्धिबळावर बोलावयास माणूस मिळाला होता.

हा मेळावा वाढला तो विशेषतः २०२० सालच्या टाळेबंदींत. माणसें घरांत कोंडलीं गेलीं तेव्हां समय रैना या विनोदी कलावंतानें यूट्यूबवर बुद्धिबळाचे डाव मांडून गप्पांचा फड सुरू केला, आणि आपल्या नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्यांत हौसेनें सामील झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत 'द क्वीन्स गॅम्बिट' ही चित्रमालिका आली आणि अडगळींतले पट खालीं आले. खेळावयास जागा हवी, तर तीही फुकट मिळते. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच गृहस्थानें २०१० सालीं काढलेलें 'लिचेस' हें संकेतस्थळ आजही लोकांच्या देणग्यांवर चालतें. तेथें जाहिरात नाहीं, वर्गणी नाहीं. आपल्याकडे अन्नछत्र चालतें, तसें हें बुद्धिबळाचें छत्र म्हणावें.

येथवर सर्व गोडच झालें. परंतु त्याच सायंकाळीं आम्हांस दुसरी बाजूही दिसली.

पटाच्या कडेला एक काळीपांढरी पट्टी असते. संगणक क्षणोक्षणीं डावाचें मोजमाप करितो आणि कोणाचें पारडें जड आहे तें ती पट्टी दाखविते. आमच्या ओटीवर चूक कोणती हें कोणासच निश्चित ठाऊक नसे, म्हणून वाद होई आणि वादांतून शिकावयास मिळे. आतां चूक होतांच पट्टी कोसळते आणि ज्याला घोड्याचीं अडीच घरें धड मोजतां येत नाहींत तोही ग्रँडमास्टरला मूर्ख ठरवितो. यंत्रानें जें ओळखलें तें आपणच ओळखलें, असा त्याचा समज होतो. १२ डिसेंबर २०२४ रोजीं सिंगापूर येथें जगज्जेतेपदाच्या चौदाव्या व अखेरच्या डावांत चीनच्या डिंग लिरेन यांनीं पंचावन्नाव्या खेळीस हत्ती चुकीच्या घरीं नेला आणि अवघ्या अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. पाहणारांस ती चूक निमिषांत कळली. कशी? तर पट्टी कोसळली म्हणून! खुद्द गुकेशच्या मात्र ती प्रथम ध्यानांत आली नव्हती. तो दुसरीच खेळी करावयाच्या बेतांत होता. त्या दिवशीं आम्हीही बातम्या पाहतांना "एवढें साधें कळलें नाहीं!" असें बोलून गेलों होतों. डिंग यांनीं आपल्या मनाच्या आजाराविषयीं जगाला मोकळेपणानें सांगितलें होतें, हें आम्हांस पुढें कळलें. त्या आमच्या उद्गाराची आज लाज वाटते.

आणि मग आमची धाकटी नात बोलली. वय वर्षें चौदा. खेळते उत्तम, थोरल्याला दहांत सहा वेळां हरविते. बाकीचीं मुलें भराभर लिहीत होतीं आणि ही एक अक्षर लिहीत नव्हती. आम्हीं म्हटलें, "बाळ, तूं कां नाहीं लिहीत? सर्वांत अधिक तर तुला कळतें." ती म्हणाली, "आजोबा, मी तेथें मुलाच्या नांवानें खेळतें. माझ्या नांवानें गेलें तर डावाबद्दल कोणी बोलत नाहीं. दुसरेंच कांहींतरी बोलतात."

माजघरांत कोणी बोलेना. तिची आई स्वयंपाकघरांतून दारापर्यंत आली. "हें आम्हांला कां सांगितलें नाहींस?" असें तिनें विचारलें. मुलगी खालीं पाहून म्हणाली, "सांगितलें असतें तर तुम्ही खेळच बंद केला असता."

वाचकहो, हें उत्तर आमच्या घरांतल्या प्रत्येक वडील माणसास उद्देशून होतें. सर्वांत अधिक आम्हांस. 'ठेव तें यंत्र' यापलीकडे आम्हीं त्या बाबतींत कधीं एक शब्द उच्चारला नव्हता. ओटीवर आमच्या पाठीशीं वडील बसत. कोणी उणें बोलला तर त्यांच्या नुसत्या पाहण्यानें तो गप्प होई. ह्या नव्या ओटीवर आम्हीं आमच्या मुलीला एकटी बसविली होती, आणि तिनें आपलें रक्षण आपणच करून घेतलें होतें. परंतु स्वतःचें नांव गमावून.

थोरल्यानें तेव्हां सांगितलें कीं ज्या दिव्याचा डाव आपण पाहत होतों, तिलाही हें चुकलें नव्हतें. जानेवारी २०२४ मध्यें नेदरलंड्समधील वाइक आन झे येथील स्पर्धेनंतर, अठराव्या वर्षीं, तिनें जाहीरपणें लिहिलें होतें कीं आपण चांगले डाव खेळलों, पण पाहणारांनीं चर्चा केली ती आपल्या कपड्यांची, केसांची, बोलण्याच्या ढबीची. पुरुषांच्या खेळाविषयीं बोलतात आणि बायकांच्या खेळाखेरीज सर्व गोष्टींविषयीं, असा तिचा रोख होता. हें वाचून आम्हांस वाटलें कीं 'सहृदय' या शब्दाचा अर्थ शिकवीत आम्हीं उभा जन्म घालविला, पण तो घरांतल्या नव्या ओटीवर कोणी पाळतो कीं नाहीं, हें पाहण्याचें आमच्या मनांतही आलें नाहीं.

इतक्यांत पडद्यावर एकच कल्लोळ झाला. कु. दिव्या जिंकली होती. पहिले दोन दीर्घ डाव बरोबरींत सुटले होते, जलद डावांतील पहिलाही तसाच सुटला, आणि दुसरा तिनें घेतला. समोर होत्या श्रीमती कोनेरू हंपी, ज्या दिव्याच्या जन्मापूर्वींच, २००२ सालीं, ग्रँडमास्टर झाल्या होत्या. त्या विजयानें एकोणीस वर्षांची दिव्या विश्वचषकाची मानकरी तर झालीच, शिवाय भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर ठरली. आईच्या गळ्यांत पडून ती रडत होती. आमच्या माजघरांतही एकदोघींनीं पदर डोळ्यांस लाविला.

त्या दिवसापासून आमच्या घरीं एक नवा परिपाठ पडला आहे. रविवारीं सायंकाळीं पडदा माजघरांत मधोमध ठेवावयाचा आणि वडील माणसांनींही बसावयाचें. नियम तीनच. पहिला, टीका खेळीवर करावयाची, खेळणारावर नाहीं. दुसरा, पट्टी झांकून ठेवावयाची. आधीं आपलें मत सांगावयाचें आणि मग यंत्राचें पाहावयाचें. तिसरा, आपण खेळतांना यंत्राची मदत घ्यावयाची नाहीं. जून २०२१ मध्यें श्री. विश्वनाथन् आनंद यांनीं करोनाग्रस्तांच्या मदतीसाठीं नामांकित लोकांशीं डाव खेळले, तेव्हां एका उद्योजकांनीं संगणकाचें साहाय्य घेतलें आणि मागाहून त्यांना क्षमा मागावी लागली. धर्मकार्याच्या डावांतही मोह सुटत नाहीं, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें म्हणून ही गोष्ट आम्ही वारंवार सांगतों.

मुलांच्या नव्या खेळांविषयीं व पडद्यावरच्या गप्पांविषयीं आमच्यासारख्या वडिलांची तक्रार असते, आणि ती सर्वस्वीं खोटी नाहीं. वेळ जातो, डोळे शिणतात, अभ्यास मागें पडतो. पण ज्या मेळाव्यांत मुलें बसतात तेथें आपण क्षणभरही बसावयाचें नाहीं, आणि तेथील बोलणें बिघडलें म्हणून त्यांनाच बोल लावावयाचा, हा न्याय नव्हे. बंदी घातल्यानें मूल तेथें जावयाचें थांबत नाहीं; आपल्याला सांगावयाचें मात्र थांबतें.

गेल्या महिन्यांत धाकटीनें खातें बदललें. आतां ती स्वतःच्या नांवानें खेळते. पहिल्याच आठवड्यांत एकानें कांहींतरी वेडेंवांकडें लिहिलें. तिनें आम्हांस हांक मारून तें दाखविलें, दोघांनीं मिळून त्याची तक्रार केली आणि डाव पुढें चालू केला. तो तिनें जिंकला. माळ्यावरचा आमचा पटही खालीं आला असून तिच्याशीं खेळतांना आम्ही बहुधा हरतों. डाव संपल्यावर चूक कोठें झाली याचा काथ्याकूट मात्र जेवणाचीं पानें वाढेपर्यंत चालतो.