गवती छपरांचे राखणदार

निजण्यापूर्वी गॅसचं बटण बंद आहे ना, देवापुढचं निरांजन शांत झालंय ना, हे पाहिल्याशिवाय आपल्यापैकी बहुतेकजणींचा डोळा लागत नाही. घराची ही राखण आपण एकेकटीने करतो. शेजारणीचा गॅस बंद आहे की नाही, याची चौकशी करायला कोण जातं? पण जपानमध्ये डोंगरांच्या कुशीत एक असे गाव आहे, की तिथे शेजारणीची चूल ही साऱ्या गावाची काळजी आहे. का, ते तिथली घरे पाहिली की लगेच कळते.

या गावाचे नाव ओगिमाची. गिफू प्रांतातल्या शिराकावा या ग्रामपंचायतीएवढ्या वस्तीतली ही सर्वांत मोठी वाडी. शोगावा नदीच्या काठी, चहूबाजूंनी डोंगर, आणि हिवाळ्यात माणूसभर उंचीचा बर्फ. ओगिमाचीत जेमतेम पाचएकशे माणसे राहतात. जवळचे मोठे शहर म्हणजे ताकायामा, तेही सुमारे पन्नास किलोमीटर लांब. आग लागली आणि शहरातून बंब येईपर्यंत वाट पाहायची म्हटली, तर गावाची राखच पाहायला मिळायची!

हात जोडलेली घरे

इथल्या घरांना ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात. गाश्शो म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. छपराच्या दोन्ही बाजू इतक्या उभ्या उतारावर असतात, की लांबून घर नमस्कार करते आहे असेच वाटावे. छप्पर असे उभे ठेवायचे कारण बर्फ. सपाट छपरावर तो साचून राहिला तर त्याच्या ओझ्याने घर बसेल. उभ्या छपरावरून तो खाली घसरतो. ही छपरे गवताची, हातभर आणि त्याहूनही जाड. आणि गंमत म्हणजे छपराचा सांगाडा बांधताना लोखंडी खिळा वापरत नाहीत. वासे, आडवी लाकडे, सारे दोरांनी आणि ओल्या लवचिक फांद्यांनी आवळून बांधलेले.

छपराखालचे माळे दोन-तीन मजली, प्रशस्त. पूर्वी तिथे रेशमाचे किडे पाळत. खाली बैठकीच्या खोलीत जमिनीतच चौकोनी खड्डा करून चूल केलेली असते, तिला ‘इरोरी’ म्हणतात. स्वयंपाक, ऊब, गप्पा, सारे तिच्याभोवती. तिचा धूर वर माळ्यातून छपरात जातो, त्यामुळे गवताला कीड लागत नाही आणि दोर टिकतात. म्हणजे बघा, ज्या विस्तवावर घर टिकते, तोच विस्तव घर जाळूही शकतो! काडीच्या छपराखाली दिवसरात्र विस्तव बाळगायचा, म्हणजे केवढी जोखीम!

भरीस भर म्हणून जुन्या काळी या खोऱ्यात घराच्या जमिनीखाली माती, वनस्पती आणि रेशमाच्या किड्यांची विष्ठा मुरवून सोरा तयार करीत. बंदुकीच्या दारूत लागतो तोच हा सोरा. आज पाहुण्यांसाठी खुल्या असलेल्या प्रसिद्ध वादा वाड्याचे मालक या सोऱ्याचे व्यापारी होते. वर गवत, मध्ये चूल आणि खाली सोरा. अशा घरात नांदणाऱ्या गृहिणीची कल्पना करून पाहा!

एकाचे छप्पर, गावाचे हात

आपल्या कोकणात पावसाआधी घर शाकारायची पद्धत आहे, तशी इथेही शाकारणी असते; पण ती तीस-चाळीस वर्षांतून एकदा. खर्च आणि कष्ट इतके, की एका घराला ती झेपतच नाही. म्हणून गाव एकत्र येते. शंभर-दोनशे माणसे छपरावर चढतात आणि एक-दोन दिवसांत काम उरकतात. या पद्धतीला ‘युई’ म्हणतात. आपल्याकडच्या शेतकऱ्यांची इर्जिक किंवा सावड असते ना, अगदी तसेच. आज तुझ्या घरी मी, उद्या माझ्या घरी तू. त्या दिवशी बायका शेकडो माणसांच्या जेवणाची व्यवस्था पाहतात, हे वेगळे सांगायला नकोच.

आगीपासून राखण हीदेखील या युईचीच दुसरी बाजू. छप्पर घालायला जो गाव आला, तोच ते जळू नये म्हणून रात्री फिरतो.

‘आग सांभाळा!’

ओगिमाचीत रोज आगीची फेरी निघते. तीही दिवसातून एकदा नव्हे, अनेकदा, रात्री उशिरासुद्धा. ही पाळी घरोघर फिरते. पाळीच्या घरचे माणूस हातातल्या लाकडी दांड्या एकमेकींवर खट् खट् आपटत गल्लीगल्लीतून जाते आणि ओरडते, ‘हि नो योजिन!’ म्हणजे, आग सांभाळा! बाहेर बर्फ पडत असो की बोचरा वारा असो, पाळी चुकवायची नाही. अंथरुणात शिरलेल्या गृहिणीच्या कानावर तो आवाज पडला, की ती आपसूक उठून विस्तव पाहून येत असणार!

ही हाळी जपानला नवी नाही. तिथली घरे लाकडाची आणि कागदी दारांची, त्यामुळे आगीचा धाक पिढ्यान्‌पिढ्यांचा. १६५७ साली एदो, म्हणजे आजचे टोकियो, शहराचा बराच मोठा भाग जळाला आणि एक लाखाच्या आसपास माणसे गेली असे मानले जाते. या आगीला ‘फुरिसोदेची आग’ म्हणतात. फुरिसोदे म्हणजे लग्नापूर्वी मुली घालतात तो लांब बाह्यांचा किमोनो. दंतकथा अशी, की एक किमोनो एकामागून एक तीन मुलींकडे गेला आणि तिघीही अकाली वारल्या. तो अपशकुनी म्हणून एका पुजाऱ्याने जाळायला घेतला, तर जळता किमोनो वाऱ्याने उडाला आणि देवळाला आग लागली. कथा खरी-खोटी कशीही असो, पण शहरांनी त्यातून धडा घेतला.

१७२० च्या सुमारास एदोतल्या नगरवासीयांची आग विझवणारी पथके बांधली गेली. जपानी मुळाक्षरांवरून त्यांना नावे दिली होती. त्यात ‘हि’ हे अक्षर मात्र टाळले, कारण ‘हि’ म्हणजेच आग! पाण्याचा जोर नसल्यामुळे ही मंडळी पुढची घरे पाडून आगीची वाट अडवीत. म्हणून त्यांत बरेचसे इमारतीवर चढून काम करणारे कामगार असत.

पुढे १८९४ साली सरकारने अशा पथकांसाठी देशभर एकसारखे नियम केले. युद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, त्यांना हवाई हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या दलांत सामील केले. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये ती पुन्हा गावांच्या हाती आली. तीच आजची ‘शोबोदान’, म्हणजे गावकऱ्यांची अग्निशामक दले. यातली माणसे एरवी शेतकरी, सुतार, दुकानदार, कारकून. मानधन नाममात्र. भोंगा वाजला की हातचे काम टाकून पंपाकडे धावायचे. शिराकावातही असे दल आहे.

पाण्याच्या तोफा

गवती घरांना आगीपेक्षाही मोठे संकट विसाव्या शतकात आले. १९२४ च्या सुमारास शिराकावा परिसरात अशी तीनशेच्या आसपास घरे होती. धरणाच्या पाण्यात काही बुडाली, काही जळाली, काही विकली गेली, माणसे शहराकडे गेली. १९६१ पर्यंत १९० च उरली. तेव्हा ओगिमाचीकर सावध झाले. १९७१ मध्ये त्यांनी एकत्र येऊन तीन गोष्टी ठरवल्या: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. १९७६ मध्ये सरकारने गावाला जतनाचा दर्जा दिला आणि १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव आले.

आता नुसती हाळी पुरणार नव्हती. गावात ठिकठिकाणी पाण्याच्या तोफा बसवल्या गेल्या, एकूण ५९. या तोफा लहानशा लाकडी घरकुलांत झाकलेल्या असतात, त्यामुळे डोळ्यांना खुपत नाहीत. पाणी डोंगरावरच्या टाकीतून उताराच्या जोराने येते, म्हणजे वीज गेली तरी अडत नाही. जळते घर विझवण्याइतकाच या तोफांचा उपयोग शेजारची छपरे भिजवायला. गवताच्या आगीत ठिणग्या वाऱ्यावर उडतात; ओल्या छपरावर पडलेली ठिणगी तिथेच विझते. दरवर्षी शरदाच्या अखेरीस या तोफांची चाचणी होते. साऱ्या तोफा एकदम सुटल्या, की अख्खे गाव कारंज्यांत न्हाऊन निघते. ते दृश्य पाहायला लांबून लोक येतात. गावकऱ्यांसाठी मात्र ती रंगीत तालीम.

तिचा उपयोग ४ नोव्हेंबर २०१९ रोजी दिसला. त्या दिवशी मोटारतळाजवळच्या दोन झोपड्यांना आग लागली. त्याच्या चारच दिवस आधी ओकिनावातला शुरी राजवाडा जळाला होता, त्यामुळे साऱ्या जपानच्या काळजाचा ठोका चुकला. पण तोफा सुटल्या, शेजारची घरे भिजली, आणि गाव वाचले.

पाळी घ्यायला माणसे कुठून आणायची?

सारे असे छान असले, तरी एक दुखणे आहेच. जपानभर गावची दले रोडावत चालली आहेत. १९५० च्या दशकात त्यांत वीस लाखांच्या आसपास माणसे होती. २०२२ मध्ये ती आठ लाखांच्याही खाली आली. तरुण शहरात, आणि गावात म्हातारे. दिवसभर नोकरी करून रात्री कवायतीला कोण येणार, ही कुरकुर आहे, आणि ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. ओगिमाचीत तर करोनाच्या साथीपूर्वी वर्षाला पंधरा लाखांहून जास्त पाहुणे येत. पाहुणे फोटो काढून परत जातात. रात्रीची फेरी गावच्या पाचशे माणसांनाच घालायची असते.

अशा वेळी पुढे आल्या त्या बायका. एकूण संख्या घटत असताना दलांतल्या स्त्रियांची संख्या मात्र वाढली. आज ती पंचवीस हजारांहून अधिक आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन चूल आणि हीटर पाहणे, धुराची सूचना देणारी घंटा बसवली का विचारणे, प्रथमोपचार शिकवणे ही कामे त्या करतात. स्वयंपाकघरात जाऊन मोकळेपणी बोलायला बाईच हवी, नाही का? आपल्याकडेही हे दार उघडले आहे. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात २००२ साली हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला आणि त्या देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक ठरल्या.

आपल्या घरी एवढे कराच

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटात ६६ अग्निशामक जवानांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या निमित्ताने तरी या गोष्टी घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा.

• कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर पाणी मुळीच ओतू नका. गॅस बंद करा आणि झाकण किंवा परात सरकवून कढई झाका. निवेपर्यंत झाकण उचलू नका.

• गॅसचा वास आला, तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. ते लावूही नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारे उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. आग लागली तर १०१ किंवा ११२.

• कपड्यांनी पेट घेतला, तर धावू नका, धावल्याने ज्वाळा वाढतात. जमिनीवर पडून लोळा. दुसऱ्याला वाचवायचे असेल, तर घोंगडी किंवा जाड सुती चादर गुंडाळा. गॅसपाशी उभे राहताना पदर खोचलेला असावा, आणि साडी शक्यतो सुती.

• भाजले तर जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. हात सुजण्यापूर्वी बांगड्या-अंगठ्या काढा. शाई, टूथपेस्ट, बर्फ यांतले काही लावू नका. भाजणे मोठे असेल तर थेट दवाखाना गाठा.

आणि एक काम शेजारणींनी मिळून करायचे. आपल्या इमारतीचा जिना आठवा पाहू. मीटरच्या खोलीत रद्दीचे गठ्ठे, जिन्याखाली मोडक्या खुर्च्या, गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही! धूर वर चढू लागला, की हाच जिना आपली एकमेव वाट असतो. दर महिन्याला एका बिऱ्हाडाने पाळीने हे सारे पाहायचे, असे ठरवून टाका. दांड्या आपटत ओरडायची गरज नाही. हळदीकुंकवाला किंवा भिशीला जमाल, तेव्हा पाळीची यादी लिहून जिन्यातल्या फळ्यावर लावली तरी पुरे. पहिले नाव मात्र आपले घाला, म्हणजे दुसरी नाही म्हणणार नाही.